हँडलवरच्या मुंग्या

माझी सायकल बंद पडली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. साधी सायकल नव्हे. बॅटरीवर चालणारी, डोंगरात न्यायची, जाड टायरची, काळीकुट्ट. साठी उलटलेल्या बाईनं असलं काही चालवावं का, यावर इंदूरच्या विजय नगरातल्या आमच्या सोसायटीत बरीच चर्चा होऊन गेलेली आहे. एका बाईंनी लिफ्टमध्ये विचारलंही होतं, "भाभीजी, घुटने ठीक हैं ना?" गुडघे ठीक नाहीत म्हणूनच मोटरची घेतलीय, असं मी त्यांना सांगितलं आणि तावातावानं बाहेर पडले. बाहेर पडल्यावर कळलं, आपला मजला अजून यायचाच होता. उरलेले जिने त्याच गुडघ्यांनी चढले.

ही सायकल माझ्या लेकीनं घ्यायला लावली. ती जर्मनीत असते, कारखान्यातल्या यंत्रांचं काहीतरी करते. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाले. नवरा होता तोवर आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायचो आणि महूच्या बाजूच्या टेकड्यांत जायचो. मी झाडंझुडपं बघायची, त्यानं एका दगडावर बसून पेपर वाचायचा. तो गेला, स्कूटर विकली आणि मी घरात बसले ती बसलेच. लेक म्हणाली, तू बाहेर पड. मी म्हटलं, पडते की, भाजीला जातेच. असं वर्षभर चाललं आणि शेवटी तिनं तिकडे बसून सगळी खटपट केली आणि दारात हे धूड आणून उभं केलं. मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी सायकलवर बसले आणि चढावर मोटरनं मागून हळूच रेटा दिला तेव्हा मला हसूच फुटलं.

पण डोंगरात गेलं तरी घरी परत यावंच लागतं. मला एकटं वाटायचं, सरळच सांगते. टीव्ही बघायचा नसला तरी लावून ठेवायचे. कामवालीला उगाच चहा पाजून बसवून घ्यायचे, मग तिला दुसऱ्या घरी उशीर व्हायचा आणि तिकडच्या बाईची बोलणी ती खायची. लेकीचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, तिकडे थंडी पडली का, एवढं झालं की आमचं बोलणं संपायचं. आम्ही भांडलो नव्हतो, काही नाही. दोघींकडे एकमेकींना सांगण्यासारखं काही नसायचं, एवढंच.

तर सायकल बंद पडली. बटण दाबलं की हँडलवरचा डिस्प्ले उजळायचा, एक लाल खूण दाखवायचा आणि मिटायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी महूच्या वाटेवरचा एक ओढा सायकलवरून पार केला होता. पाणी चांगलं अर्ध्या चाकापर्यंत आलं होतं. मला वाटलं, झालं, मोटरीत पाणी शिरलं. दुकानात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, मैडम, पानी गया है तो मोटर गई समझो, छोड़ जाओ, देखते हैं. त्याचं ते 'देखते हैं' मला काही आवडलं नाही. मी लेकीला फोन लावला.

रविवार नव्हता. तिनं घाबरूनच उचलला. काय झालं, बरी आहेस ना? मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, सायकल बंद पडलीय. आणि मग माझ्या या मुलीचा आवाज बदलला. कितीतरी दिवसांनी ती मला सलग प्रश्न विचारत सुटली. बंद म्हणजे पूर्ण बंद की लागून बंद? ओढ्यातून आल्यावर घरापर्यंत चालली का? चार्जिंगला तर नाही लावली? लावणारच होते म्हटल्यावर ओरडली, अज्जिबात नाही, आधी बॅटरी काढ, पुसून वेगळी ठेव, ओलं असताना चार्ज नाही करायचं. ती इंदुरात वाढली, त्यामुळे तिचं मराठी असं की, "नीट बघ ना, लाइट जळून राहिली की नाही?" मी सांगलीची. पूर्वी मी अशा वाक्याला टोकायचे. त्या दिवशी टोकलं नाही, मुकाट्यानं पार्किंगमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, जळून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच फोन आला, ऑफिसला निघण्याआधी. तिच्या सांगण्यावरून मी जेल रोडवर जाऊन मल्टिमीटर आणला. तो कसा धरायचा, लाल वायर कुठे, काळी कुठे, हे तिनं व्हिडिओवर शिकवलं. बॅटरीचं व्होल्टेज बरोबर निघालं. म्हणजे बॅटरी शाबूत. मग ब्रेकच्या वायरी. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून दांडीपाशी एक बारीक सेन्सर असतो, त्यात पाणी राहिलं तर सायकलला वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे. तो सोडवून बघितला. काही फरक नाही. मग मागच्या चाकापाशी लोहचुंबक असतं, ते सरकलं का ते बघ. सरकलं नव्हतं. रोज एक गोष्ट. एकदम सगळं नाही उघडायचं, असं ती म्हणायची, नाहीतर कशानं बिघडलं ते कळत नाही आणि कशानं सुधारलं तेही कळत नाही.

मी एक दिवस वायरींना हात न लावता डिस्प्ले तेवढा वरून सरकवून काढला आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. मोबाइल भिजला की लोक करतात तसं. हे सांगितल्यावर ती इतकी हसली की तिच्या हातून फोन पडला. मग म्हणाली, तो तांदूळ तरी खाऊ नकोस आता. मी म्हटलं, खिचडी लावली त्याची. मग बाबांच्या हातची खिचडी कशी बुडाला लागायची ते निघालं आणि ते बोलता बोलता तिची बस चुकली. नवरा गेल्यापासून आम्ही दोघी त्याच्याबद्दल अशा हसून कधी बोललोच नव्हतो.

मी दुपारची वाट बघायला लागले. सकाळीच पार्किंगमध्ये जाऊन काय काय दिसतंय ते बघून ठेवायचे, म्हणजे फोन आला की सांगायला माल हवा. आधी मला वाटायचं, सायकल लवकर सुरू व्हायला हवी, थंडी पडायला लागलीय, टेकड्यांवर गवत पिकलं असेल. मग हळूहळू सुरू होऊ नये असं वाटायला लागलं. सायकल सुरू झाली की फोन बंद. ते मला लख्ख दिसत होतं.

आणि नेमका मलाच बिघाड सापडला. सकाळी फडकं घेऊन खाली गेले तर हँडलवरून मुंग्यांची ओळ चाललेली. मी आयुष्यभर झाडांवरच्या मुंग्यांच्या मागे जात आले, इथेही गेले. त्या डिस्प्लेच्या खाली, जिथे वायरींचा जोड असतो, तिथे शिरत होत्या. ओढ्याच्या पाण्यात मुंग्यांना काय मिळणार? मी तो जोड ओढून सोडवला. आत चिकट. पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दसऱ्याला मी सायकलची पूजा केली होती. माहेरी करायचे, सासरी करायचे, जे वाहन दारात असेल त्याची करायची. स्कूटर होती तेव्हा तिची केली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी ओंजळीनं हँडलवर शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच. आणि लेकीनं पाण्याबद्दल इतकं खोदून खोदून विचारलं, तर मी तिला फक्त ओढ्याचं सांगितलं. लपवलं नाही हो. नारळाचं पाणी म्हणजे पाणी, हे डोक्यातच आलं नाही. ते तीर्थ. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मुलांना नारळपाण्यात साखर किती आणि क्षार किती ते फळ्यावर लिहून दिलं, तिनं ते विजेच्या वायरींवर ओतलं आणि वर हात जोडले. ओढ्यातलं पाणी बिचारं त्याच दिवशी वाळून गेलं असणार. सायकल घरापर्यंत चालली होतीच की.

मग काय, बॅटरी काढलेलीच होती. वायरी साफ करायचा स्प्रे आणला, दातांच्या जुन्या ब्रशनं एकेक पिन घासली, मुंग्या झटकल्या, उन्हात वाळवलं, पुन्हा जोड घट्ट बसवला. बॅटरी लावली, बटण दाबलं. डिस्प्ले उजळला आणि उजळलेलाच राहिला. मी तशीच हेल्मेट घालून निघाले. बायपास ओलांडून महूच्या बाजूच्या पहिल्या टेकडीवर चढले. गवत पिकून सोनेरी झालं होतं. वर कुणी नव्हतं. नवरा ज्या दगडावर बसायचा त्यावर बसून घोटभर पाणी प्यायले आणि मला रडू आलं. सायकल सुरू झाली म्हणून कुणाला रडू येतं का? मला आलं.

घरी पोचले आणि फोन वाजला. "काय होऊन राहिलं आज?" लेकीनं विचारलं.

"काही नाही गं," मी म्हणाले. "तसंच आहे."

तोंडातून निघून गेलं. मग ती म्हणाली, बरं, आज मोटरला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरी बघू. मी मल्टिमीटर हातात धरून सोफ्यावर बसले आणि मनाचे आकडे सांगितले. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मस्त हिंडून यायचं आणि दुपारी सोफ्यावर बसून सायकल बंद असल्याचं सांगायचं. व्हिडिओ लाव म्हणाली की मी म्हणायचे, पार्किंगमध्ये आता नेट येत नाही. येतं. चांगलं दणदणीत येतं. ती बिचारी दर वेळी विचार करून नवी तपासणी सांगायची, मध्ये मध्ये तिच्या घराचं सांगायची. तिच्या खिडकीखालच्या झाडाचं नाव मला विचारलं, पानांचे फोटो पाठवले. लिंडन होतं. तिच्या ऑफिसात कुणी तिच्याबरोबर जेवायला बसत नाही, हेही तिनं असंच सांगितलं, पानांचं बोलता बोलता. मला ते माहीतच नव्हतं.

मला लाज वाटत होती, पण फोन येत होता. आणि मग एक दिवस ती म्हणाली की आता एकच उरलं, मोटर उघडायची, त्यासाठी ती सुट्टी टाकून येते. तिकीट बघते.  यावीशी वाटत होतीच हो, कुणाला वाटणार नाही? पण अशी, धडधाकट सायकलीसाठी, माझ्या खोटेपणावर? ते काही मला सहन होईना.  शेवटी बोलले.

"अगं, येऊ नकोस. सायकल सुरू झालीय. बरेच दिवस झाले." आणि मग नारळ, मुंग्या, ब्रश, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  मग ती म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

सायकलचं एक ॲप असतं, त्यातलं खातं तिच्या नावावर आहे म्हणे. घेतली तेव्हा तिनंच सगळं भरलं होतं. त्यामुळे सायकल कुठे गेली ते नकाशावर तिच्या फोनमध्ये दिसतं. त्या पहिल्या सकाळी मी टेकडीवर चढले आणि दगडापाशी थांबले, ते ती तिकडे अंथरुणात पडल्या पडल्या बघत होती. म्हणजे तरीही रोज मला वायरी तपासायला लावत होती, आणि मोटर उघडायला येते म्हणाली तेही यायचं निमित्तच होतं. मी मनाचे आकडे सांगत होते आणि ती ते ऐकून हं हं करत होती. मी चिडलेच. इतके दिवस मला वेड्यात काढलंस, बोलली का नाहीस, म्हणून तिलाच झापायला लागले. स्वतःचं सोडून.

"बोलले असते तर तू फोन ठेवला असतास," ती म्हणाली.

ठेवलाच असता. कारण दर रविवारी फोन मीच ठेवायचे. जेवण, गोळ्या, थंडी झाली की "चल, ठेवते, तुझी कामं असतील" असं मीच म्हणायचे. पोरीचा वेळ जाऊ नये म्हणून. ती एकदाही म्हणाली नव्हती की ठेव. आणि मी इकडे बसून समजत होते की तिला माझ्याशी बोलायला वेळ नाही.

मी फोन कानाला तसाच धरून बसले.  तिच्याकडे बस गेल्याचा आवाज आला, बहुतेक तिचीच. मी म्हटलं, तुला उशीर होतोय का? ती म्हणाली, होऊ दे.