गव्हाच्या बिअरमध्ये आंबट कुठून आलं?

‘ताई, तुमचं नाक दोन दिवस उसनं द्या,’ असं म्हणून कुणी बोलावलं तर जावं की नाही? मी गेले.

नाकाचं आधी सांगते. मी पुण्यात एका ऑफिसात हिशेब बघते. पण काही वर्षांपूर्वी बिअर चाखायला शिकवणाऱ्या एका शनिवारच्या वर्गाला गेले आणि अडकले. आता छोट्या स्पर्धांमध्ये मला परीक्षक म्हणून बसवतात. सासरी याचं वर्णन ‘ही पिते आणि वर मार्क देते’ असं होतं, आणि ते फारसं चूकही नाही. विनय त्याच वर्गातला. मूळचा कोल्हारचा, घरची शेती. वर्ग संपल्यावर गावाकडे परतला आणि नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या शेठला पटवून तिथे बिअर बनवायच्या टाक्या बसवून घेतल्या. दोन वर्षं साधी, हलकी बिअर नीट चालली. या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या शेतातला गहू घालून, भरपूर हॉप्सची गव्हाची बिअर केली. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी. आणि ती बिअर आंबट निघाली.

टाकीत जंतू शिरले असतील तर बिअर आंबते, हे शेठलाही कळत होतं. आज ही आंबली, उद्या दुसरी आंबेल, गिऱ्हाईक बोंबलेल, त्यापेक्षा टाक्या विकून तिथे फॅमिली रूम करू, असं त्यांचं चाललं होतं. विनयनं त्यांच्याकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि मला फोन केला. आंबटपणा टाकीतून आलाय की आणखी कुठून, एवढंच त्याला हवं होतं. टाकीतून असेल तर त्याचा धंदा संपला.

नवरा यायला लगेच तयार झाला, कारण पुढे शिर्डी. शिवाय तो घेत नाही, त्यामुळे गाडी कोण चालवणार हा प्रश्न आमच्या घरी कधी पडत नाही. ज्यांच्या घरी पडतो त्यांनी ड्रायव्हर ठरवूनच निघा.

पुण्यातून पहाटे निघालात तरच वाघोली सुसह्य आहे. आम्ही आठला निघालो आणि शिक्रापूरपर्यंत ट्रकच्या मागचे शेर वाचत गेलो. शिरूरच्या पुढे रस्ता मोकळा होतो. सुप्याच्या अलीकडे एका टपरीवर मिसळ खाल्ली. तर्री मागावी लागली नाही, आपणहून आली, आणि नवऱ्याला पुढचे वीस किलोमीटर उचकी लागली. नगरमध्ये सावेडीत एका लॉजवर खोली घेतली होती. स्वच्छ चादरी, चालणारा एसी, खाली गाडीला सावली, आणि भाडं दोन हजारांच्या आत. (नवं नाव अहिल्यानगर झालंय, पण रिक्षावाल्याशी बोलताना अजून नगरच तोंडात येतं.) सामान टाकून, जेवून दुपारीच विळद घाट उतरलो. पुढचा मनमाड रस्ता जसा ऐकला होता तसाच आहे. कंबरेचं दुखणं असेल तर पट्टा बांधून जा.

हॉटेल ऐसपैस निघालं. बाहेर गाड्यांची रांग, आत काचेमागे चकचकीत टाक्या. शेठ स्वतः सामोरे आले. पांढरा शर्ट, गोड बोलणं, नजर मात्र माझ्या नाकावर. इथलं गणित त्यांनीच समजावलं. शिर्डीला जाणारे लोक जाताना फक्त चहा घेतात आणि टाक्यांकडे बघून मान वळवतात. येताना तेच लोक थांबून चौकशी करतात. त्यामुळे संध्याकाळची बिअर पहिल्या घोटाला आवडली पाहिजे, दुसरी संधी मिळत नाही. त्यात ही कडू, वर आंबट.

“गव्हाची म्हनल्यावर मानूस गोडाच्या आशेनं घेतो ना, ताई,” ते म्हणाले. “त्याला कडू पाजायचं, आन आंबटबी?”

आता ग्लासाबद्दल. रंग सुरेख, पिकत आलेल्या पेरूच्या सालीसारखा, धूसर. गव्हाच्या बिअरला ती धूसरता शोभते. फेस घट्ट आणि टिकणारा. नाकाशी नेल्यावर पहिल्यांदा मोसंबीची साल, ती हॉप्सची. मागून पिकलेलं केळं आणि जराशी लवंग, हे यीस्टचं काम, आणि चोख काम. इथपर्यंत मी खूश होते. मग घोट घेतला. जिभेच्या कडांना आंबट लागलं. दह्यासारखं नाही, लिंबासारखंही नाही. मवाळ, ओलसर, पिठूळ आंबट, आणि पाठोपाठ हॉप्सची कडू लाट. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. पण मला छळत होतं ते वेगळंच. तो आंबट वास माझ्या ओळखीचा होता, अगदी जवळच्या ओळखीचा, आणि त्याचं नाव काही आठवेना.

मी विनयला दुसऱ्या टाकीतली साधी बिअर मागितली. ती स्वच्छ. नळाचं तोंड हुंगलं, पाइप हुंगला, काचेमागे जाऊन टाकीच्या झाकणात डोकं घातलं. शेठ हे सगळं बघत होते आणि नवरा जणू माझ्याबरोबर आलाच नाही अशा चेहऱ्यानं शेंगदाणे खात होता. कुठेच काही सापडलं नाही. विनयनं विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, उद्या सांगते. त्याचा चेहरा पडला आणि मला वाईट वाटलं, पण माहीत नसताना बोलणं मला जमत नाही. अंदाजानं एखाद्याच्या टाक्या विकायला लावायच्या का?

सकाळी लॉजच्या गच्चीवर चहा घेऊन गेले. पलीकडच्या बंगल्याच्या गच्चीवर दोन बायका प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या. एक सोऱ्या दाबत होती, दुसरी ऊन यायच्या आत आटप म्हणून तिच्या मागे लागली होती. वाफाळत्या पातेल्यावरून वारा माझ्याकडे आला आणि मी चहा सांडला. चीक! गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलत तो चांगला आंबू द्यायचा, मग वाटून पिळून जो पांढरा गाळ निघतो तो चीक. तो शिजवून कुरडया. लहानपणी आई शिजता चीक वाटीत काढून वर साखर-तूप घालून द्यायची. ग्लासात तोच वास होता. इतका घरचा वास की बिअरच्या ग्लासात मला तो ओळखूच आला नाही, हे माझ्या परीक्षकगिरीबद्दल काय ते सांगतं.

विनयला फोन करून विचारलं, गहू भिजवला कुणी? तो म्हणाला, आईनं. बिअरसाठी गव्हाला मोड आणून तो वाळवायचा असतो. ‘भिजत घाल, मी उद्या येऊन मोडाचं बघतो,’ असं तो आईला फोनवर म्हणाला होता. मग हॉटेलात पंप बिघडला आणि तो चार दिवसांनी घरी पोहोचला. तोवर आईनं गहू वाळवूनही ठेवला होता. मोड दिसले नाहीत म्हणून विनय बियाणंच खराब समजला आणि कच्चा गहूही काही बिअरमध्ये चालतो म्हणून तसाच वापरला. वास नाही आला का रे? तर म्हणे, तेव्हा सर्दीनं नाक बंद होतं.

त्याला गाडीत घेऊन आम्ही कोल्हारला निघालो. राहुरीच्या पुढे दोन्हीकडे ऊस लागतो आणि डोळ्यांना जरा गार वाटतं. वाटेत विनय मोकळा झाला. घर ख्रिस्ती, वडील शाळामास्तर आणि चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. दारूबंदीवर ते इतकं बोलत की गावातले पिणारे त्यांना पाहून गल्ली बदलायचे. त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीलासुद्धा वाइनऐवजी द्राक्षाचा साधा रस असतो. ते गेल्यावर विनयनं हा धंदा धरला. आईनं अडवलं नाही आणि विचारलंही नाही. दोन वर्षांत टाक्या बघायला एकदाही आली नाही. गहू भिजवणं हे तिनं त्याच्या कामाला लावलेलं पहिलं बोट.

“तिच्यामुळं झालं असं सांगू नका, ताई,” तो म्हणाला. “परत हात लावायची न्हाई ती.”

मी काहीच कबूल केलं नाही.

प्रवरेचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर त्यांचं घर. विनयची आई, मार्थाकाकू, ओट्यावरच होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोऱ्यानं गळ्यात. “सलाम,” त्यांच्याकडच्या रीतीनं म्हणाल्या, पाणी दिलं आणि आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाचा ठेचा. हा ब्लॉग वाचून कुणी कोल्हारला गेलंच तर अशी भाकरी हॉटेलात शोधू नका, मिळायची नाही.

जेवण झाल्यावर मी उरलेला गहू बघायला मागितला. काकूंनी पत्र्याचा डबा उघडला. मी मूठभर गहू तळहातावर चोळून श्वास ओढला. तोच वास, वाळून बसलेला, पण तोच. माझा प्रश्न सुटला होता. गव्हातला आंबटपणा उकळताना बिअरमध्ये उतरला. त्याच उकळण्यात गव्हातले जंतू मेले, टाकीपर्यंत पोहोचलेच नाहीत. टाकीचा काही संबंध नाही. मी विनयकडे बघून तसं सांगितलं, आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हंजी माझ्यामुळं नासलं का?”

विनय मान हलवून मला नको म्हणत होता. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. मलाही क्षणभर वाटलं, गोड काहीतरी बोलावं आणि शिर्डी गाठावी. पण समोरच्या बाईनं सरळ विचारलं होतं.

“हो काकू,” मी म्हटलं. “कुरडईसारखा भिजवलात. याला मोड हवे होते.”

 काकू विनयवर उखडल्या. घरात गहू भिजला की कुरडईच होते, हे याला जन्मापासून ठाऊक नाही का? एका शब्दानं सांगता येत नव्हतं? फोनवर नुसतं भिजत घाल म्हणतो आणि चार दिवस फिरकत नाही. मीच वाट बघून बघून वाया जाईल म्हणून उन्हात टाकला. बोलून झाल्यावर डब्याचं झाकण त्यांनी घट्ट लावलं.

“ह्यो कोंबड्यांना घालते,” त्या म्हणाल्या. “नवा भिजवू. मटकीला मोड आनते मी, गव्हाला आनायला काय धाड भरलीय? फकस्त कवा थांबायचं त्ये नीट सांग.”

विनय उठून मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

पुढे शिर्डी. दर्शनाची रांग मोठी होती, पण सरकत होती. नवरा निवांत झाला. मी बाहेर फुलांच्या दुकानांच्या सावलीत बसून विनयसाठी मूल्यांकन लिहिलं. दिसणं उत्तम. वास चांगला, त्यात एक पाहुणा. चव नापास, कारण आंबट आणि कडू एकाच ग्लासात भांडतात, आणि ही बिअर मी दुसऱ्यांदा मागवणार नाही. यीस्टला मात्र पूर्ण मार्क. परतताना हॉटेलवर थांबून शेठना टाक्या स्वच्छ असल्याचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग फॅमिली रूमचा विषय काढलाच नाही. ती बॅच मात्र विनयनं त्याच संध्याकाळी ओतून दिली.

घरी आल्यावर मी बरेच दिवस त्या घोटाचा विचार करत होते. अनेक स्पर्धांमध्ये मी ‘ब्रेडसारखं’, ‘बिस्किटासारखं’ असं बेधडक लिहीत आलेय. चीक हा शब्द कधी लिहिला नव्हता, कारण तो चाखण्याच्या भाषेत बसतो असं वाटलंच नव्हतं. आता माझ्या तक्त्यात तो आहे, आणि दुसऱ्या परीक्षकानं भुवया उंचावल्या तर मी त्याला कुरडया घालताना दाखवायला तयार आहे. पण खरं सांगायचं तर मनात राहिलं ते चवीबिवीचं नाही. काकूंना मी खरं बोलले ते बरं केलं की तोंडाळपणा केला, हे मला ठरवता येत नव्हतं.

मग विनयचा फोन आला. नव्या गव्हाला झकास मोड आले होते. काकूंनी तो चादरीवर अंगणभर पसरला होता आणि राखण करत बाजेवर बसल्या होत्या. तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. विनय आत होता. एवढा मोडाचा गहू कशाला, असं त्यांनी विचारलेलं त्यानं ऐकलं आणि तो दाराआड जागीच थिजला. आई काहीही सांगू शकली असती. सत्त्व, लापशी, कोंबड्यांचं खाद्य, कशालाही पाळकसाहेबांनी मान डोलावली असती.

“पोराच्या बिअरचा हाय,” काकू म्हणाल्या. “चपला तिकडं काढा, गव्हावर पाय पडंल.”