नर्सबाई अंथरुणाला खिळतात तेव्हा

लायसानी नर्स होऊन नासोलो बेटावर आली तेव्हा गावाने तिला फारसं मनावर घेतलं नव्हतं. फिजीच्या या पूर्वेकडच्या टोकाला आलेल्या नर्सा बदली करून घेऊन लवकरच परत जायच्या. लायसानी मात्र राहिली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, आणि मोठी माणसं तिच्या जिभेला वचकून राहू लागली.

वचकत नव्हता तो एकटा कामिनिएली. साठी उलटलेला, अंगाने आडवा, साखरेचा रोगी. तळपायाची जखम काही केल्या भरत नव्हती. चालणं बंद कर, पाय वर ठेवून पडून राहा, असं लायसानी त्याला बजावायची. तो मान डोलवायचा आणि नारळाच्या बागेत निघून जायचा. ती येताना दिसली की मागच्या दाराने पसार.

एका सकाळी पलीकडच्या गावातल्या तान्ह्या बाळांची वजनं करून ती होडीने परतली. उतरताना शेवाळलेल्या खडकावरून पाय सटकला आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. आवाजावरूनच तिला ते कळलं. माणसांनी तिला चटईवर घालून दवाखान्यात आणलं. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांनी रेडिओवरून सांगितलं की पाय फळ्यांना बांधा, सूज उतरली की प्लास्टर घाला, आणि समुद्र निवळल्यावर बोट येईल तेव्हा एक्स-रे काढू. शेजारची उनाइसी चटया विणण्यात तरबेज. लायसानी आडवी पडून सांगत गेली आणि तिने प्लास्टर घातलं. घालताना दोघींचं एकदा चांगलंच वाजलं.

पण स्वस्थ पडून राहणं लायसानीच्या रक्तातच नव्हतं. कुणाच्या पोराला ताप आल्याचं कानावर आलं आणि ती भिंतीला धरून उठली. दारात कामिनिएली उकडलेले अळूचे कंद घेऊन उभा होता.

"कुठं निघालीस?" त्याने विचारलं.

"इथंच, मामा. पोराला बघून येते."

"पाय जमिनीला लावायचा नाही, हे कोण सांगत होतं मला?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

"हो ना. माझा पाय माझा आहे आणि तुझा गावाचा. बस खाली."

ती बसली. बसल्यावर तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. पट्टी मातीने काळी झाली होती. ती म्हणाली, "मी पडून राहते. पण शेजारी तुम्हीही पडायचं. तुम्ही उठलात की मीही उठले."

कामिनिएलीने उनाइसीला हाक मारून आणखी एक चटई मागितली.

त्यानंतर दवाखान्याच्या ओसरीवर दोघं पाय उशांवर टेकवून शेजारी शेजारी पडलेले असत. तापलेलं पोर तिथेच आणलं गेलं. बाकीचे रोगीही तिथेच येत. लायसानी पडल्या पडल्या औषध सांगायची, उनाइसी ते काढून द्यायची, आणि कामिनिएली प्रत्येकाला गोळ्या वेळेवर घ्यायला दरडावायचा. त्यामुळे त्याला स्वतःच्याही घ्याव्या लागत. संध्याकाळी बायका नारळाच्या रसातली मासळी आणत आणि गप्पांना बसत. इतकी वर्षं लायसानीने या घराघरांत जाऊन जखमा धुतल्या होत्या, पण निवांत बसून कुणाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला तिला कधी फुरसत मिळाली नव्हती. ती आता मिळाली. कामिनिएली तरुणपणी चर्चमधल्या गाण्यात सर्वांत उंच सुरात गायचा, हेही तिला तेव्हाच कळलं.

बोट आली तोवर त्याची जखम कोरडी पडून आकसत चालली होती. लायसानी मोठ्या बेटावर गेली. हाड सरळ जुळलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिला शहराजवळच्या दवाखान्यात बदली देऊ केली. तिने आभार मानले आणि परतीची बोट कधी आहे ते विचारलं.

ती नासोलोला उतरली तेव्हा ओसरी झाडलेली होती आणि तीन बायका पोरं कडेवर घेऊन वाट बघत होत्या. लायसानीने काठी भिंतीला टेकवली, स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या बाळाला मांडीवर घेतलं. बाळ ठणठणीत होतं.