पान्तेल्लेरियाहून परतताना

शाक्का या इटालियन बंदरात इग्नात्सियाला सगळे ओळखत ते तिच्या आवाजामुळे. तिचा नवरा अकुर्सिओ पालेर्मोची बस चालवता चालवता म्हातारा झाला, निवृत्त झाला आणि त्याने एक जुनी, छोटी शिडाची यॉट विकत घेतली. त्याने दुसरी बाई घरात आणली असती तरी इग्नात्सियाने एवढा त्रागा केला नसता. समुद्र तिला मुळीच सोसत नसे. तरी प्रत्येक सफरीला ती बरोबर असायचीच. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "हा एकटा गेला तर बुडून मरेल की उपाशी मरेल, एवढंच ठरायचं बाकी आहे."

त्या वसंतात नौका-क्लबमध्ये एक व्याख्यान झालं. समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरून आसऱ्यासाठी चोरून येणाऱ्या माणसांची खच्चून भरलेली होडी समुद्रात भेटली तर लहान यॉटवाल्यांनी काय करायचं, हा विषय. अकुर्सिओ पहिल्या रांगेत ऐटीत बसला आणि लगेच घोरायला लागला. इग्नात्सिया गेली होती ती शेवटी मिळणाऱ्या बदामाच्या सरबतासाठी. पण बोलणारी बाई तिच्यासारखीच खणखणीत आवाजाची निघाली, म्हणून तिने कान देऊन ऐकलं. आधी रेडिओवर कळवा. अंतर राखा. त्यांना बसून राहायला सांगा. सगळे एका बाजूला सरकले की होडी उलटते, आणि तुमची यॉट जवळ आली की सगळे तुमच्याच बाजूला सरकतात.

जुलैत दोघं पान्तेल्लेरिया बेटावरून भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा उरकून परतत होते. सकाळची वेळ. वारा पडलेला, इंजिन कुरकुरत होतं.

"अकुर्सिओ, ते समोर काय दिसतंय?"

"डॉल्फिन असतील."

"डॉल्फिन टोप्या कधीपासून घालायला लागले?"

रबरी होडी होती. पुढून हवा गेलेली, इंजिन बंद, आणि आत चाळीसेक माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. यॉट दिसताच त्यांचे हात वर झाले. अकुर्सिओने सुकाणू सरळ तिकडे वळवलं.

"थांब! कुठे निघालास?"

"कुठे म्हणजे? माणसं बुडताहेत!"

"अजून नाही बुडत. तू जवळ गेलास की बुडतील."

"अगं, लेकरं आहेत त्यात!"

"म्हणूनच सांगतेय. आपलं हे डबडं तुझी बहीण चढली तरी कलतं. चाळीस जण आले तर काय होईल?"

"मग काय नुसतं बघत बसायचं?"

"हो. आणि त्याआधी रेडिओ उचलायचा."

अकुर्सिओने रेडिओ उचलला. नमस्कार केला, नाव सांगितलं, हवेबद्दल दोन शब्द बोलला. इग्नात्सियाने तो त्याच्या हातातून हिसकावला. "रबरी होडी, चाळीस माणसं, लेकरं आहेत, पुढून हवा गेलीय." मग ठिकाणाचे आकडे वाचले. तटरक्षक दलाचा पोरगा म्हणाला, "बोट निघालीच. जवळ जाऊ नका, पण सोडूनही जाऊ नका."

"सोडून कोण जातंय?" ती त्याच्यावरच खेकसली.

अकुर्सिओ पुढे जाऊन उभा राहिला. बसमध्ये दारात लोंबकळणाऱ्यांवर ओरडायचा तो आवाज त्याने काढला. "बसा! सगळ्यांनी खाली बसा!" दोन्ही तळवे खाली दाबत राहिला. शब्द कुणाला कळले नसतील, हात कळले. माणसं बसली. अकुर्सिओने मोठ्या अभिमानाने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? लाइफ जॅकेट काढ."

होती तेवढी जॅकेटं दोरीला बांधून त्यांनी पाण्यावर सोडली. ती तिकडे पोचली, पोरांच्या अंगावर चढली. इथवर सगळं व्याख्यानातल्यासारखं झालं.

मग इग्नात्सियाला होडीच्या कडेला एक चिमुरडी दिसली. ओठ फुटलेले. भाचीकडे नेलेल्या पीचच्या पेटीत थोडी फळं उरली होती. इग्नात्सियाने काही विचार न करता एक उचललं आणि फेकलं. झेलायला चार माणसं उभी राहिली, होडी कलली, किंकाळ्या उठल्या आणि एक जण पाण्यात गेला.

तिला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला. अकुर्सिओने मात्र एरवी चहाचा कप सापडत नाही तिथे क्षणात दोरी बांधलेलं तरंगतं कडं शोधलं, फेकलं, आणि त्या माणसाला ओढत मागच्या शिडीवर आणलं. माणूस वर आला, खोकला, पाणी ओकला आणि चक्क इटालियनमध्ये म्हणाला, "मावशी, आता काही फेकू नका."

त्याचं नाव मोंजी. ट्युनिसियाचा. मागे काही वर्षं इकडच्याच मात्सारा बंदरातल्या मच्छीमारांकडे राबलेला. त्याने अरबीत दोन हाका मारल्या, तशी होडी शांत झाली. पुढचं सगळं, पाणी, पाव, पीच, बादलीत घालून दोरीने गेलं.

"त्या पोरीला आणि तिच्या आईला तरी घेऊ या," अकुर्सिओ हळूच म्हणाला. इग्नात्सियालाही तेच हवं होतं. तिने मोंजीकडे पाहिलं.

"एकीला घेतलंत की सगळे उठतील," तो म्हणाला. "माझा भाऊ आहे तिथे. तोही उठेल."

तिने पुढची बादली भरली. बोट येईपर्यंत पोरगी तिच्याकडे टक लावून बघत होती आणि इग्नात्सियाने एकदाही तोंड फिरवलं नाही.

तटरक्षक दलाने सगळ्यांना सुखरूप चढवून घेतलं. मोंजी अकुर्सिओची जादा पँट घालून गेला. ती त्याच्या कमरेवर राहीना, म्हणून अकुर्सिओने अंगावरचा पट्टा काढून दिला आणि शाक्कापर्यंत एका हाताने सुकाणू, दुसऱ्याने स्वतःची पँट धरून आला.

गावात प्रत्येकाला मत होतं. न्हावी म्हणाला, वर घ्यायला हवं होतं. मासळीवाला गास्पारे म्हणाला, थांबायचंच कशाला?

"तू नसतास थांबला, माहीत आहे," इग्नात्सिया म्हणाली. "तू तर गिऱ्हाइकासाठीही थांबत नाहीस."

अकुर्सिओच्या तोंडी होडीतली माणसं आठवड्यात ऐंशी झाली आणि समुद्र खवळला. तिने त्याला वाढवू दिलं. फक्त पीचची गोष्ट तो सोयीने गाळायचा, ती दर वेळी मध्ये घालून सांगायची.

शरद ऋतूत तिने बंदरावरच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला गाठलं. पोरगी आणि तिची आई त्रापानी शहराकडच्या एका आसराघरात आहेत, एवढं त्याला कळलं होतं. "आणि पुरुष? तो मोंजी, त्याचा भाऊ?" तिने विचारलं.

"काही जण मायदेशी परत पाठवले, मावशी. कोण ते नाही सांगता येत."

त्या दिवशी जेवताना इग्नात्सियाने एकही तक्रार केली नाही. मिठाबद्दल नाही, यॉटबद्दल नाही, गास्पारेबद्दलही नाही. अकुर्सिओ घाबरला. उठून त्याने सगळी ताटं धुतली, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि फार वाईट धुतली. तिने ती तशीच फळीवर लावली.