परवान्यावरची माणसं चार

मोटार विकत घेतली दादानं, पण ती शोधली मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कोणत्याही लग्नाच्या पंगतीत दादा "मी हुडकून काढली" म्हणून मिशीला पीळ द्यायचा आणि मला हातातली पळी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटायची.

माझं माहेर कर्जतजवळ, कडावला. सासर संस्थानात. मधलं अंतर बैलगाडीनं दोन दिवसांचं, पण मुलूख दोन. माहेरी इंग्रजांचा अंमल, सासरी राजाचा. स्टँप वेगळा, कोर्ट वेगळं, शिवेवर नाका, आणि मोटारीचा एकीकडचा नंबर दुसरीकडं चालत नसे.

सासरच्या घरामागं एक निवृत्त अधिकारी राहत. त्यांच्या गोठ्यात गाईंच्या शेजारी एक काळी, कापडी टपाची मोटार उभी असायची. त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून ती विकायची होती. विहिरीवर जातायेता मी तिला बघून घ्यायची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. शेवटी मी दादाला एक कार्ड लिहिलं. त्यात तीनच वाक्यं होती. इथं मोटार आहे. विकायची आहे. मला न्यायला ये.

तिसऱ्या वाक्यासाठीच पहिली दोन लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात मी बैलगाडीतून माहेरी निघाले होते. वाटेतच कळा सुरू झाल्या आणि माझं पहिलं मूल गेलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी ठरवून टाकलं, ही सून पुन्हा बैलगाडीत बसणार नाही. बाई वाईट नव्हती, घाबरलेली होती. आता मला पुन्हा सातवा होता. दहा-बारा दिवसांनी आठवा लागला असता, आणि आठव्यात कोणी कोणाला पाठवत नाही.

घरात या मुलाबद्दल कोणी बोलत नसे. डोहाळजेवण नाही, नवस नाही. सासूबाई म्हणायच्या, "तुझी तब्येत कशी हाय?" जणू मला पडसं झालं होतं. मी तरी कुठं बोलत होते? बोललं तर दृष्ट लागेल, या भीतीनं मी मनातसुद्धा 'बाळ' हा शब्द येऊ देत नव्हते. फक्त आईकडं जायचं होतं. आईच्या हाती बाळंत झाले तर या वेळी सगळं नीट होईल, अशी माझी ठाम समजूत होती. समजुतीला कारण लागत नाही.

दादा खालापूरच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. कागदावर असेल तेच खरं, बाकी सगळं हवेतलं, असा त्याचा बाणा. कर्जत स्टेशनवर भाड्याची मोटार फिरवायचं स्वप्न तो कधीपासून बघत होता. कार्ड मिळाल्यावर तो तिसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरला घेऊन हजर झाला. स्टँपावर खरेदीखत झालं. मग बाहेर न्यायचा परवाना हवा होता. ही मोटार, या नंबराची, आजच्या दिवशी एकदाच, सूर्यास्ताच्या आत, इतक्या माणसांसह संस्थानाबाहेर जाईल. परवाना नाक्यावर जमा करायचा, तिथून सुटल्याची चिठ्ठी घ्यायची, आणि त्या चिठ्ठीवर आपल्याकडं नवा नंबर काढायचा. हे त्यानं मला तीनदा समजावलं. माझं बोचकं कधीच बांधून झालं होतं.

ओटीवर बसून तो परवान्याचा अर्ज लिहीत होता तेव्हा सासूबाई बाहेर आल्या.

"जाणार कोण कोण?"

"मी, डायवर आन ही," दादा म्हणाला.

"तिघं? तीन तिगाडा काम बिगाडा. तिघांत मी सून पाठवायची नाय."

आमच्याकडं यावर उपाय ठरलेला आहे. तिघांनी निघायचंच असेल तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यायचा. सासूबाईंनी विहिरीकडचा एक गोल दगड आणून मोटारीत ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी ठेवला. दुसऱ्या कोणाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. पण दादा पडला अर्जनवीस. दगड नुसता गाडीत ठेवून काय उपयोग, तो कागदावर नको? त्यानं बोरू शाईत बुडवला आणि झोकात लिहिलं, 'माणसे चार.' कचेरीतल्या कारकुनानं ते तसंच परवान्यावर उतरवलं.

ड्रायव्हरनं हँडल मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मोटार अशी गरजली की गोठ्यातल्या गाईनं दावं तोडलं. ओट्यांवर ही गर्दी! सासूबाईंनी माझ्या कपाळाला अंगारा लावला, उरलेला मोटारीच्या चाकालाही लावला. मी मात्र हसत होते.

वारा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. पदर डोक्यावर ठरेना, मग मी तो खोचून टाकला. शेतं झोडपणी होऊन मोकळी पडली होती, पेंढ्याच्या उडव्या भराभरा मागं जात होत्या. झाडावर चढलेली पोरं ओरडत होती, एक म्हातारा तर मोटारीला हात जोडून उभा राहिला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भोंगा मला वाजवू द्या." त्यानं दादाकडं बघितलं. मी हात लांब करून भोंगा दाबलासुद्धा.

"बायकांनी भोंगा वाजवायचा नसतो गं," दादा म्हणाला.

"कुठल्या कागदावर लिहिलंय?"

तो टोपी सावरत पुढं बघू लागला. ओढा आला की मात्र माझं तोंड बंद व्हायचं. ड्रायव्हर गाडी गोगलगायीसारखी उतरवायचा, मी दोन्ही हातांनी पोट धरून बसायची, आणि दादा मागं वळून दर वेळी तेच विचारायचा, "ठीक हाय ना गं?" दचके बसत होते, पण बैलगाडीसारखे हाडं खिळखिळी करणारे नव्हते. प्रत्येक ओढा मागं पडला की मी देवाचं नाव घेऊन पुन्हा हसायला लागायची.

नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. नाकेदार म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी नंबर ताडून पाहिला, चाकं मोजली, जादा चाक मोजलं. मग माणसं मोजली. पुन्हा मोजली.

"चौथा कुटं हाय?"

दादाचा चेहरा पडला. त्यानं पायाशी बोट दाखवलं आणि दगडाची हकिकत सांगितली.

"तुमी अर्ज लिवणारे ना?" नाकेदार म्हणाले. "आन दगूड माणसांत धरता? त्याच्या बापाचं नाव काय लिवू?"

ड्रायव्हर फस्सकन हसला. नाकेदार हसले नाहीत. बाहेर चार जाणार म्हणून कचेरीचा शिक्का, आणि नाक्यावर तीनच. चौथा कुठं उतरला, कोण होता, उद्या विचारणा झाली तर? "परत जावा. कचेरीतून आकडा दुरुस्त करून आणा. मी आसं सोडू शकत नाय."

परत म्हणजे संपलंच. सूर्य मावळला की परवाना रद्द. आणि वाटेतून माघारी फिरलेल्या सुनेला सासूबाईंनी दुसऱ्यांदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. चार दिवस वादात गेले असते, मग आठवा. दादा हात जोडून कुठलंसं कलम सांगायला लागला. नाकेदारांनी परवान्याची घडी घालायला घेतली.

माझा पारा चढला. दादावर, सासूबाईंवर, त्या दगडावर, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर. मी खाली उतरले आणि नाकेदारांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, चौथं इथं आहे," मी पोटावर हात ठेवून म्हटलं. "माझं बाळ आहे. सातवा महिना आहे. कागदात चार आहेत आणि आम्ही चार आहोत. मोजा."

परक्या पुरुषांसमोर, थोरल्या भावासमोर कुठली बाई असं बोलते? दादा मान खाली घालून टायर बघत राहिला. माझे कान तापले होते. पण 'माझं बाळ' हे शब्द तोंडातून गेले आणि आभाळ काही कोसळलं नाही. उलट बाळानं आतून एक लाथ मारली.

नाकेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आदी बोलायचं गं पोरी," ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागले, "पुरुष दोन. बाई एक. मूल एक. एकूण चार. बरोबर." शिक्का मारून ते ड्रायव्हरकडं वळले. "म्होरं रस्ता खराब हाय. हळू घे रं."

खोपोली मागं पडेपर्यंत ती चिठ्ठी मी हातातून सोडली नाही. दादा नंबरासाठी मागत होता, मी म्हटलं, घरी गेल्यावर देईन. 'मूल एक.' मी ते परत परत वाचत होते, हसत होते आणि डोळे पुसत होते. मुलगी झाली आणि जगली, धडधाकट जगली, हे इथंच सांगून टाकते, उगीच कोणाचा जीव टांगणीला नको.

कडावला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळं गाव मोटारीभोवती जमलं, दादा टपाच्या दांड्या दाखवत सुटला. आईनं मला हाताला धरून घरात नेलं आणि विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

"आई," मी म्हटलं, "मला बाळ होणार आहे. दुपटी शिवायला हवीत."

आईनं कोनाड्याखालची ट्रंक उघडली, वरची लुगडी बाजूला केली. तळाशी सात दुपटी घडी घालून ठेवलेली होती, महिन्याला एक. आठवं अर्धंच झालं होतं, आणि सुई त्यात टोचून ठेवलेली होती.