घडी घालायला दोघी

राज्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा सरकारी नोकरांच्याही झाल्या. माझं नाव गुजरातच्या यादीत गेलं. माझ्या बरोबरीच्या बहुतेकांनी ओळखीपाळखी लावून आपापली नावं महाराष्ट्रात ओढून घेतली. मी अर्जच केला नाही. वडील गेलेले, लग्नाचं वय लोकांच्या मते टळलेलं, भावाच्या घरी भावजयीचं राज्य. परत जाऊन करायचं काय? शिवाय कुणापुढे 'जरा माझं बघा' म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. बदल्या होत होत सुरतेला आले आणि तिथंच आठ-नऊ वर्षं काढली.

खोली नानपुऱ्यात होती. घरमालकीण मनाने चांगली, पण मी भाजी आणायला निघाले तरी विचारायची, "बेन, एकलां ज?" म्हणजे एकट्याच का? मी हो म्हणायची. इतक्या वर्षांत माझं उत्तर बदललं नाही, तरी बाईचं विचारणं काही थांबलं नाही. उद्योग खात्याच्या कचेरीत मी एकटीच बाई अधिकारी. सगळे आदराने वागत, इतक्या आदराने की मी शिरले की खोलीतल्या गप्पा बंद. दुपारचा डबा फायली बाजूला सारून, भिंतीकडे तोंड करून खायचा. रविवार तर खायला उठायचा. एका रविवारी दुपार झाली तरी आपल्या तोंडून एक शब्द निघालेला नाही हे लक्षात आलं, म्हणून मी कॅलेंडरावरची तारीख मोठ्याने वाचली. आधी हसू आलं आणि मग रडू.

यातून मला बाहेर काढलं ते सुरतेजवळच्या उधन्याच्या केंद्राने. एक जुनं गोदाम भाड्याने घेऊन खात्याने तिथं बायकांसाठी साड्यांच्या घड्या घालायचं काम सुरू केलं होतं. छापून, धुऊन आलेल्या साड्या व्यापारी पाठवायचे. बायका सुटे धागे कातरायच्या, डाग बघायच्या आणि घडी घालायच्या. साडीची घडी घालायला दोघी लागतात. दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहायचं, काठाला काठ जुळवायचा, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि आपलं टोक दुसरीच्या हातात द्यायचं. दिवसभर हेच. लांब जायचं, जवळ यायचं. दिवसातून शंभरदा एकीची बोटं दुसरीच्या बोटांना लागणार, त्यामुळे तोंडं बंद राहणं शक्यच नव्हतं.

निम्म्या बायका खानदेशातून आलेल्या, नवरे लूमवर. निम्म्या पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान विणकरांच्या घरच्या. कोण कुणाबरोबर घडी घालणार याचा नियम नव्हता. जी आधी आली तिने मागून येणारीला हाक मारायची, झाली जोडी. मी आठवड्यातून दोनदा तपासणीला जायची. कागदावर तपासणी, खरं म्हणजे जेवायला. जमिनीवर बसून माझ्या पोळीच्या बदल्यात कुणाची कळण्याची भाकरी मिळायची, कुणाची खिचडी. धरणगावकडची एक वयस्कर बाई सगळ्यांची पुढारी होती. माझ्या भाजीत तिखट नाही म्हणून ती मला दर वेळी बोलायची, आणि ते बोलणं ऐकायला मी मुद्दाम भाजी फिकी करायची. आता कबूल करायला काय हरकत आहे!

मग दोन गल्ल्यांमधल्या नळावर भांडण झालं. हंड्यावरून सुरू झालं, धर्मावर गेलं आणि संध्याकाळपर्यंत दगडफेक. कुणी दगावलं नाही, पण डोकी फुटली, दुकानं आठ दिवस बंद राहिली. शांतता समिती नेमली गेली. समितीत एक बाईमाणूस हवं, म्हणून माझं नाव घातलं. केंद्र उघडलं तेव्हा बायका आल्या, पण खानदेशी बायका खिडकीकडे बसल्या, पलीकडच्या गल्लीतल्या दाराकडे. आपापसांत जोड्या लावून मुकाट घड्या घालू लागल्या.

मी थांबायला हवं होतं. पण थांबणं माझ्या स्वभावात नाही. माझी एकुलती एक बसायची जागा दोन तुकडे होऊन पडली होती आणि मला ती आठवड्याच्या आत सांधून हवी होती. मी कचेरीत बसून यादी केली. प्रत्येक जोडीत एक इकडची, एक तिकडची. सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर डकवली आणि सांगितलं, उद्यापासून असंच बसायचं. कुणी काही बोललं नाही. सरकारी कागदापुढे गरीब माणूस बोलत नाही, आणि त्याला आम्ही संमती म्हणतो.

आमच्या कचेरीचे साहेब खूष झाले. समितीला घेऊन केंद्रावर आले, बरोबर एका वर्तमानपत्राचा फोटोवाला. त्याने एक जोडी निवडली. दोघी तरुण, साडीची टोकं धरून उभ्या. "थोडं हसा," तो म्हणाला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी मानेने 'हसा' अशी खूण केली.

फोटो छापून आला. खानदेशी पोरीच्या नवऱ्याला लूमवरचे लोक चिडवायला लागले. दुसरीच्या सासऱ्याने तिला घराबाहेर पडू नको म्हणून सांगितलं. दोघी यायच्या बंद झाल्या. मग ज्यांची ज्यांची नावं यादीत शेजारी होती त्या एकेक करून गळाल्या. पंधरा दिवसांनी केंद्रात चार बायका आणि साड्यांचे गठ्ठे. साहेबांचा सूरही बदलला. "महिनाभर बघू. नाहीतर शेड मालकाला परत देऊन टाकू," ते म्हणाले. चाळीस घरांत त्या कामाने चूल पेटायची. आणि हे सगळं माझ्या सुवाच्य अक्षराने केलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. धरणगावची बाई, आणि तिच्याबरोबर पलीकडच्या गल्लीतली एक उंच, कमी बोलणारी बाई. दोघी एकत्र! वेगवेगळ्या रस्त्यांनी येऊन कोपऱ्यावर भेटल्या होत्या म्हणे. माझ्या खोलीत आजवर एकही पाहुणी आली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी आधी स्टोव्ह पेटवायला धावले. त्या बसल्या, पण टेकल्यासारख्या.

"ताई," धरणगावची म्हणाली, "राग येऊ देऊ नका. तुम्ही आल्या की गल्लीना माणसं देखाले येतस. कोन कोनासंगे बठनी, ते मोजतस."

दुसरी चहाकडे बघत म्हणाली, "बेन, बुरा मत मानना. आप आती हो तो तमाशा हो जाता है. आप नहीं आओगी तो हम सिर्फ काम पे आएँगे."

मला कळायला वेळ लागला. यादी काढून टाका एवढंच त्या सांगताहेत असं वाटलं. "यादी आजच काढते," मी म्हणाले.

"यादी आम्ही काढी टाकी," धरणगावची म्हणाली. "तुम्ही थोडा दिन येऊ नका."

"किती दिवस?"

दुसरीने कप उचलून मोरीत नेऊन विसळला आणि पालथा घातला. मी म्हणाले, बरं. दुसरं काय म्हणणार? ज्या बायकांनी नवऱ्यांच्या आणि सासऱ्यांच्या नजरा चुकवून एकमेकींना गाठलं होतं, त्यांना मी शांततेचं काय शिकवणार होते!

पण राग आला. मला राग आला हे मी लपवणार नाही. दिवसभर मनात त्यांच्याशी भांडत होते. केंद्र कुणी मंजूर करून आणलं? पावसात छप्पर गळलं तेव्हा कोण धावलं? भांडून भांडून दमले तेव्हा लक्षात आलं की या सगळ्यात मला बोचत होतं ते एकच. मला तिथं जेवायला जायचं होतं.

गेले नाही. साहेबांना सांगितलं, तपासणी या महिन्यात नको, मी हमी घेते. केंद्रात जुनी सुपरवायझर बाई होती, ती हजेरी पाठवायची. आकडा दहावर गेला, मग अठरावर. पण एकत्र की वेगळ्या, ते हजेरीत कसं कळणार? शेवटी मी बाजारात व्यापाऱ्याच्या पेढीवर गेले आणि मालाचा दर्जा बघायचाय म्हणून एक गठ्ठा सोडवला. खानदेशी बायका काठ ताणून धरायच्या, त्यांच्या बाजूची घडी करकरीत यायची. पलीकडच्या बायका तळव्याने कापड सारखं करायच्या, त्यांची बाजू मऊ बसायची. पहिल्या साडीच्या दोन्ही बाजू करकरीत होत्या. दुसरीच्याही. पाचवी साडी उलगडली तर एक बाजू ताणलेली, दुसरी मऊ. सातवी तशीच. नववीही. व्यापारी म्हणाला, "बेन, रडो छो केम? माल तो सारो छे." मी म्हणाले, हो, चांगलाच आहे.

महिना संपला. शेड राहिली. साहेबांनी वर अहवाल पाठवला आणि त्यात माझ्या कामाची तारीफ केली. मी निरोपाची वाट बघत राहिले. आज येईल, उद्या येईल, 'ताई, आता या.' दिवाळी गेली, संक्रांत गेली. निरोप आला नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. माणसं कामात असतात.

फाल्गुनात मीच गेले. मुद्दाम जेवणाची वेळ गाठली. बाहेरून आवाज येत होता, तीस-चाळीस बायका एकदम बोलत होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी भाजीला नावं ठेवत होतं. खिडकीकडच्या आणि दाराकडच्या सगळ्या मधोमध बसल्या होत्या. फोटोतल्या दोघीही होत्या. मी दारात उभी राहिले आणि आवाज थांबला. सगळ्या उठल्या. एकीने स्टूल आणून पदराने पुसलं. बाहेर रस्त्यावर दोघे-तिघे पुरुष विडी ओढत उभे होते, त्यांनी आत डोकावलं.

एक नवी मुलगी, कामाला लागून चार दिवस झाले असतील, तिने धरणगावच्या बाईला विचारलं, "ह्या कोन शेतस वं?"

बाईने एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हापिसवाल्या बाई शेतस. तपासाले येल शेतस."

मी स्टुलावर बसले, हजेरीचं रजिस्टर मागितलं, दोन पानं तपासली आणि सही करून निघाले.