आईचा रकाना

नारायणगुड्याच्या एकनाथरावांनी रेल्वेत तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर तीच कारकुनी कोंबड्यांवर सुरू ठेवली. घरामागच्या खुराड्याची त्यांनी रीतसर वही घातली होती.

मूळ कोंबडी त्यांच्या पत्नीची, कुसुमताईंची. राखी रंगाची. १९९६ साल उजाडेपर्यंत दुकानोदुकानी पांढऱ्या ब्रॉयलरचे पिंजरे आले होते आणि घरोघरची खुराडी मोडून तिथे स्कूटरी उभ्या राहिल्या होत्या. राखी कोंबडी आता शहरात शोधून सापडत नव्हती. कुसुमताईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा ओमकार अमेरिकेत कॉम्प्युटरवर. दिवसचे दिवस घरात कुणी बोलायला नसे. तेवढा रंग टिकवायचा, यासाठीच एकनाथराव सकाळी उठत.

घरातल्या घरात रक्त फिरू नये, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्यात सोयरीक जुळवताना पाहतात तसं त्यांनी गोत्र पाहिलं. तीन कोंबडे तीन ठिकाणचे: छावणीचा, नामपल्लीचा, करीमनगरचा. तीच तीन गोत्रं. पिल्लाला बापाचं गोत्र, आणि सगोत्र जोडी वर्ज्य. मामाची पोर मात्र चालते, आपल्यात चालतेच की! वही बघून एखाद्या भटजींनीही मान डोलावली असती.

तरी दिवाळीनंतर चौदा अंड्यांतून एकच पिल्लू निघालं आणि तिसऱ्या दिवशी तेही गेलं. पुढच्या खेपेला एकही नाही. वही काखेत मारून एकनाथराव नामपल्लीला कोंबड्या पाळणाऱ्या यूसुफमियाँकडे गेले. नामपल्लीचा कोंबडा त्यांच्याकडूनच आणलेला होता.

मियाँनी पानं उलटली. "साब, बापां के नामां तो पूरे लिखे. माँवां कां हैं?"

"माँ का क्या लिखना? सब राखी मुर्गियाँ हैं."

"वोइच तो बोल रौं. सब एकइच मुर्गी की बेटियाँ, नवासियाँ. कौनसा अंडा किसका, मालूम है?"

सगळ्या एकाच कोंबडीच्या लेकी-नाती; गोत्रं वेगळी, पण रक्त एकच. कोणतं अंडं कुणाचं, हे एकनाथरावांना मालूम नव्हतं. कुसुमताई अंडं हातात घेताच सांगायच्या. एकनाथरावांनी कधी विचारलंच नव्हतं.

मियाँनी एक काळा कोंबडा दिला. "काले से रंग नै जाता साब, आधे बच्चे राखीच निकलते."

मग वहीत आईचा रकाना आखला गेला. तो भरायचा तर कोणती कोंबडी अंडं घालून उठते, हे बसून पाहायला हवं. एकनाथराव सकाळी खुराड्यापुढे पाट टाकून बसू लागले. पाट कुसुमताईंचा. त्या रोज तासभर इथे बसत, आणि हे आतून पेपराआडून ओरडत, "कोंबड्यांशी कसल्या गप्पा मारतेस?" त्या म्हणत, "तुम्हीही या की बाहेर." हे कधी गेले नाहीत.

संक्रांतीनंतर एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली, त्यांतली चार राखी. एकनाथरावांनी चारही पुन्हा पुन्हा मोजली आणि मोठ्याने म्हणाले, "आलो बघ बाहेर."

पिल्लं चिवचिवत होती. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.