उभ्या गाडीचे दिवस

आमच्या अर्धापूरकडं केळीचा घड कापायच्या आधी बागेच्या बांधावर एकच सवाल होतो, "किती दिवस?" म्हणजे माल इथून निघून गिऱ्हाइकाच्या गोदामात पोचेपर्यंत किती दिवस लागणार. व्यापाऱ्यानं दिवस सांगायचे आणि कापणाऱ्यानं तेवढ्याच दिवसांचा घड कापायचा. हैदराबाद जवळ, तिकडं जायचा तर भरलेला, गोलसर, लवकर पिकणारा. दिल्लीला जायचा तर केळ्याच्या कडांच्या धारा अजून दिसणारा, जरा कवळा. आमचे मामा हेच काम करायचे. दिवस कळले की केळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवायचे आणि कापत पुढं चालायचे. त्यांचा माल वाटेत पिकला असं उभ्या आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. राग नाकाच्या शेंड्यावर, साहेबाशी जमलं नाही, परत येऊन केळीच्या व्यापारात पडलो. सगळे दिल्लीला माल धाडतात, आपण नेपाळला धाडू, असं मनानं घेतलं. तिकडच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर ओळख झाली, गोड बोलला, पहिली गाडी ठरली.

बांधावर मामांनी विचारलं, "किती दिवस?"

मी फोनमधला नकाशा बघितला. सीमा तीन दिवसांवर, तिथून गोदाम अर्ध्या दिवसावर. ऐटीत सांगितलं, "चार."

"चारच ना? नीट बघ लेका."

"अहो मामा, समोर दिसायलंय ना! चार म्हणजे चार."

मामांनी चार दिवसांचा माल कापला. गाडी तिसऱ्या दिवशी सीमेवर पोचली आणि तिथंच उभी राहिली. पुढं ट्रकांची ही लांब रांग. नंबर लागला तर झाडांना रोग नसल्याच्या दाखल्यावर एक शिक्का कमी निघाला. शिक्का मारणारे सुट्टीवर. मग माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरायला माणसं मिळेनात. मी इथं घरात बसून सुचेल त्याला फोन लावत होतो, भांडत होतो, पण गाडी अडल्याचं गावात कुणाला कळू दिलं नाही. गाडी सहा दिवस जागची हलली नाही. शेवटी तिकडच्या व्यापाऱ्यानं व्हिडिओ पाठवला. ताडपत्री काढली तर आत सगळं पिवळंजर्द, आणि खालच्या थरातून रस गळत होता.

तो व्हिडिओ फिरत फिरत घड वाहणाऱ्या बायांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी बघितला. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याची नजर गेली की आता." मी तिथंच उभा होतो. दिवस मी चुकीचे सांगितले, रस्ता तेवढा मोजला आणि उभं राहणं मोजलंच नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. धंदा नवा होता. ह्याला दिवसही मोजता येत नाहीत असं झालं तर बाग कोण देणार? नंतर सांगू म्हणालो आणि सांगितलं नाही. खरं सांगतो, आजही लाज वाटते.

मामांनी व्हिडिओ दोनदा बघितला. "मीच भरलेला कापला असंन," एवढंच म्हणाले. मग नांदेडला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, डोळे झकास आहेत. मामांचा डॉक्टरवरच विश्वास बसेना. त्यांनी कापणी सोडली. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "आता दिसत न्हाई बाबा."

वर्षानं त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. नाक्यावर आता ट्रकांसाठी मोठं आवार झालंय, कागदं आधीच फोनवरून जातात, परत माल धाडा. ह्यावेळी आधी डोळ्यांनी बघून येऊ म्हणालो. मामींनी सांगितलं, "ह्यांनाबी ने. घरात बसून बसून पार येडे व्हायलेत." दोन गाड्या बदलून मामा-भाचे सीमेवर पोचलो.

तिथं मामा रस्त्याच्या कडेला बघतच राहिले. इकडची माणसं तिकडं, तिकडची इकडं चाललेली. एक बाई सायकलला भाजीची पिशवी अडकवून घंटी वाजवत सीमा ओलांडून गेली, तिला कुणी हटकलंसुद्धा नाही. आणि बाजूला मालाचे ट्रक तसेच उभे.

"अरे, बाई दोन मिन्टात गेली की! अन् केळ्यानं काय चोरी केलीय?"

मी हिंदीत एका ड्रायव्हरला विचारलं, इथं किती दिवस जातात. तो म्हणाला, आता तीन दिवसांत सुटते, आधी आठवडा लागायचा.

मामांना हिंदी चांगली कळते. निजामाच्या मुलखातले आम्ही. ते माझ्याकडं वळले. "आपली गाडी किती दिवस उभी व्हती?"

"सहा."

"अन् तू मला चार सांगितले."

"उभं राहायचे दिवस मी धरलेच नव्हते, मामा."

मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. मामा खाली दगडावर टेकले. स्वतःचा अंगठा बघत राहिले. म्हणाले, "मला वाटलं, माझा हात गेला." मला रडू आवरेना. दोन देशांमधल्या त्या रस्त्यावर मी शेंबड्या पोरासारखा रडलो आणि मामा मला गप्प करत नव्हते.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "मला सांगून भागत न्हाई. बांधावर सांग."

पुढची गाडी सात दिवसांची ठरली. बागेत सगळे जमले होते. मी मोठ्यानं म्हणालो, "मागच्या गाडीचा माल मामांनी बरोबर कापला होता. दिवस मी चुकीचे सांगितले. गाडी सीमेवर सहा दिवस उभी होती, ते धरलेच नव्हते." मामा पहिल्या झाडापाशी गेले.

घड वाहणाऱ्या बायांतली एक म्हातारी डोक्यावरची चुंबळ सारखी करत माझ्याकडं बघत होती.

"गाडी तर सहाच दिवस उभी ऱ्हायली," ती म्हणाली. "अन् हे सांगायला तुला वरीस लागलं व्हय?"